छर्‍याची बंदूक: चाप ओढल्यावर आत नक्की काय होतं

नवरात्रात नाशिकच्या कालिकामातेच्या यात्रेत गेलात, की पाळण्यांच्या अलीकडे फुगे फोडायचा स्टॉल हमखास लागतो. फळीवर रंगीत फुगे, टेबलावर दोन-तीन बंदुका, आणि पैसे मोजून नेम धरणारी मंडळी. नेम चुकला की प्रत्येक जण एकच बोलतो: "नळी वाकडी आहे हो, मुद्दाम वाकवलेली असते." कधीकधी ते खरंही असतं. पण इतकी वर्षं या बंदुका उघडून, पुसून, जोडून मला ठाम वाटतं की स्टॉलवरचे बरेचसे नेम नळीमुळे नाही, आवळून धरल्यामुळे चुकतात. बंदूक म्हटली की घट्ट धरायची, हे कुणालाही साहजिक वाटेल. स्प्रिंगच्या बंदुकीला नेमकं तेच चालत नाही. का चालत नाही ते कळलं की तिला तेल कुठे घालायचं, रिकामी का चालवायची नाही, जुनी विकत घेताना काय पाहायचं, हे सगळं आपोआप उलगडतं. सगळ्याचं मूळ एकाच ठिकाणी आहे: चाप ओढल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंतचे सुमारे 10 मिलिसेकंद. पापणी लवायलासुद्धा याच्या दहापट वेळ लागतो.

आधी एक गैरसमज. आत हवा भरून ठेवलेली असते असं बहुतेकांना वाटतं. तशाही बंदुका असतात, त्यांना टाकी असते आणि ती पंपाने भरावी लागते. आपण बोलतोय ती बंदूक वेगळी. बॅरल मधून मोडून खाली दाबायचं, तेव्हा जो जोर लागतो तो हवेचा नसतो, स्प्रिंगचा असतो. स्प्रिंगच्या पुढे एक जड पोलादी दट्ट्या असतो. तो मागे सरकून खिटीत अडकतो. मग बॅरलच्या मागच्या तोंडात छर्रा बसवायचा आणि बॅरल वर उचलून बंद करायचं. या क्षणी दट्ट्याच्या पुढे जी हवा आहे, ती तुमच्या-आमच्या नाकातली साधी हवा. जादा दाब शून्य.

चाप ओढला की खिटी सुटते आणि दट्ट्या पुढे झेपावतो. पुढच्या टोकाला तीन-चार मिलिमीटरचं एक भोक, त्यापलीकडे छर्रा. रंगपंचमीच्या पिचकारीचं तोंड बोटाने दाबून दांडा ढकलून बघा, हाताला जे जाणवतं तेच इथे होतं. छर्रा लगेच हलत नाही. दट्ट्या जवळजवळ शेवटाला पोचतो, हवा चिमूटभर जागेत कोंबली जाते, आणि मग छर्रा सुटतो. तेवढ्यात ती कोंडलेली हवा दट्ट्याला थोडं उलटंही ढकलते. म्हणजे तो टोकाला धाडकन आपटत नाही, हवेच्या गादीवर टेकतो. ही गादी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. सायकलला हवा भरल्यावर पंपाचा खालचा भाग हाताला गरम लागतो. तिथे आपण सावकाश दाबतो. इथे तेच काम डोळ्यांदेखत, किंबहुना डोळ्यांना दिसणार नाही इतक्या झटक्यात होतं, त्यामुळे आतली हवा क्षणभर शेकडो अंशांपर्यंत तापते. डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तेल पेटतं. ट्रॅक्टर वापरणार्‍या कुणालाही हे सांगायला नको. बंदुकीतही तेलाचा थेंब चुकीच्या जागी गेला की हेच होतं.

आता धरण्याकडे येऊ. देवळालीला लष्कराची तोफखान्याची शाळा आहे, त्यामुळे तोफ डागल्यावर तिची नळी मागे सरकते हे नाशिककरांना ऐकून तरी माहीत असतं. तोफेची नळी घट्ट जखडत नाहीत, तिला सरळ मागे सरकू देतात आणि परत जागेवर आणतात. स्प्रिंगची रायफल धरायच्या पद्धतीला इंग्रजीत तोफखान्याचंच नाव आहे, 'आर्टिलरी होल्ड'. कारण हिला एक नाही, दोन धक्के असतात. दट्ट्या पुढे पळतो तेव्हा बंदूक मागे येते. दट्ट्या थांबतो तेव्हा बंदूक पुढे जाते. आणि हे दोन्ही छर्रा अजून नळीत असताना किंवा जेमतेम निघतानाच होतं. तुम्ही आवळून धरलीत तर प्रत्येक वेळी आवळणं कमी-जास्त होणार, आणि बंदूक प्रत्येक वेळी निराळ्या दिशेला उडी मारणार. डाव्या हाताचा तळवा उघडा ठेवा, त्यावर दस्ता नुसता टेकवा, बोटं मिटू नका. खांद्याला हलकेच लावा. तळवा रोज त्याच जागी, हवं तर दस्त्यावर पेन्सिलची खूण करा. वाळूच्या पिशवीवर किंवा कट्ट्याच्या कडेवर थेट टेकवून मारू नका, कठीण गोष्टीवरून ती बेडकासारखी उडते. चाप ओढल्यावरही डोळा माशीवरून, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवरून, हलवायचा नाही. छर्रा कागदात शिरल्याचा आवाज येईपर्यंत तसंच थांबायचं.

बंदूक पुढे जाते त्या धक्क्यामुळेच चांगल्या दुर्बिणीही मोडतात. दारूगोळ्याच्या रायफलीवरची महाग दुर्बीण फक्त मागचा धक्का सोसायला बांधलेली असते. स्प्रिंगच्या बंदुकीवर ती चढवली की काही शे छर्‍यांत आतली काच सैल होते. घेताना 'स्प्रिंग एअर रायफलसाठी' असं स्पष्ट लिहिलेलीच घ्या.

रिकामी बंदूक चालवू नये, हे सांगून लोक कंटाळतात, पण कारण सांगत नाहीत. कारण ती हवेची गादी. छर्रा नसेल तर हवा भोकातून सरळ निघून जाते, गादी तयारच होत नाही, आणि जड दट्ट्या नळकांड्याच्या टोकावर आदळतो. एकदा-दोनदा निभावेल. मित्रमंडळींना 'आवाज ऐका' म्हणून पंचवीस वेळा केलंत तर दट्ट्याच्या तोंडाचा वायसर फाटेल, नाहीतर स्प्रिंग तुटेल. फार हलका छर्रा वापरला तरी थोडं असंच होतं, म्हणून 4.5 मिलिमीटरसाठी साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा बरा.

तेलाचा धडा मी माझ्या पहिल्या बंदुकीवर शिकलो. स्प्रिंग कुरकुरत होती. शिवणयंत्राचं तेल घेतलं, त्या भोकातून चार-पाच थेंब सोडले आणि गच्चीवर पुठ्ठ्याच्या खोक्यात छर्रा मारला. नेहमीच्या 'ठप' ऐवजी फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, नळीतून निळसर धूर निघाला आणि जळक्या तेलाचा वास दरवळला. मला वाटलं बंदूक जोरदार झाली. पंधरा दिवसांत स्प्रिंगचे दोन तुकडे झाले. तेल पेटून दाब इतका वाढला होता की दट्ट्या उलटा फेकला जात होता, आणि तो मार स्प्रिंग सोसत होती. थोडंफार जळणं तर प्रत्येक बंदुकीत चालूच असतं. इंग्लंडमध्ये कार्ड्यू पिता-पुत्रांनी एक बंदूक हवेऐवजी नायट्रोजनमध्ये चालवून पाहिली, म्हणजे जळायला ऑक्सिजनच नाही. छर्‍याचा वेग चांगलाच उतरला. तेव्हा प्रश्न जळण्याचा नाही, धडाका होईल इतकं जळण्याचा आहे.

मग तेल घालायचं तरी कुठे? हे वायसर कशाचा आहे त्यावर ठरतं. रॉकेलचा स्टोव्ह ज्यांच्या घरात होता त्यांना पंपाचा चामडी वायसर आठवत असेल. पंप हवा धरेना की आई वायसर काढून त्याला तेल चोपडायची, बोटांनी कड फुलवायची आणि परत बसवायची. जुन्या बंदुकांत अगदी तसाच वाटीसारखा चामडी वायसर असतो, फक्त जाड. तो कोरडा पडला की कडक होतो आणि हवा बाजूने निसटते. त्याला अधूनमधून एखादा थेंब लागतो, आणि तो सिलिकोन तेलाचा असलेला बरा, कारण ते सहजी पेटत नाही. थेंब टाकून बंदूक रात्रभर उभी ठेवायची. नव्या बंदुकांत वायसर प्लास्टिकच्या जातीचा असतो. त्याला भोकातून काहीही घालायचं नाही. स्प्रिंगला आणि दट्ट्याच्या बाजूंना मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस लागतं, पण तेही बंदूक उघडून, बोटाने पुसट.

हवा निसटते का हे पाहायला यंत्र लागत नाही. बॅरल जिथे मोडतं त्या सांध्यावर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवा आणि नेहमीप्रमाणे छर्रा लक्ष्यावर मारा. पट्टी उडाली तर सांध्याची रिंग गेली. ती काही रुपयांची वस्तू असते आणि बंदुकीचा अर्धा जीव तिच्यात असतो.

उघडण्याबद्दल मात्र मी कडक आहे. बंदूक भरलेली नसली तरी आतली स्प्रिंग थोडी दाबलेलीच असते. मागची पिन ठोकून काढली की टोपण सुटतं आणि छातीवर येतं. त्याला आधी क्लॅम्पमध्ये धरायचं, मग पिन काढायची आणि क्लॅम्प हळूहळू सैल करायचा. सोय नसेल तर उघडूच नका. आणि बॅरल मोडून ठेवलेलं असताना चापाला बोट लावू नका. खिटी सुटली तर बॅरल सगळ्या ताकदीनिशी मिटतं. नळी वाकते, दस्ता चिरतो, मध्ये बोट असेल तर ते जातं. छर्रा घालताना एक हात बॅरलवर हवाच. पुढे खालचा किंवा बाजूचा दांडा ओढून भरायच्या बंदुका घेतल्यात तर हा नियम दुप्पट पाळा, तिथे आत सरकणारा भाग धारेच्या कातरीसारखा चालतो.

या छंदाला नाशिक एका बाबतीत फार सोयीचं आहे. सातपूर-अंबडला लेथवर बसलेली माणसं आहेत. माझ्या एका बंदुकीला चाप ओढल्यावर लांबलचक टणत्कार यायचा. स्प्रिंग आतल्या दांड्यावर, म्हणजे गाइडवर, सैल असली की ती अशी वाजते. सातपूरच्या एका टर्नरदादांकडे स्प्रिंग नेली. त्यांनी ती व्हर्नियरवर मोजली, प्रकाशासमोर धरून सरळ आहे का पाहिलं, काचेवर गडगडवली, आणि म्हणाले, "ही वाकलीय, पण चालेल. गाइड मी डेलरिनचा करून देतो, हाताने फिरवून बसेल एवढाच टाइट." अर्ध्या तासात पांढर्‍या प्लास्टिकचा दांडा कातून दिला. बसवल्यावर टणत्कार गेला, आणि मागे राहिला फक्त दट्ट्याचा एक बसका ठोका. त्यांनी स्प्रिंगच्या टोकांच्या कडाही पॉलिश करून दिल्या, मी सांगितलं नव्हतं तरी.

बाकी देखभाल थोडकी आहे. दस्त्याचे स्क्रू दोन धक्क्यांनी सैल होतात, अचानक नेम भरकटला तर आधी तेच तपासा. भरून ठेवून द्यायची नाही, स्प्रिंग बसते. पावसाळ्यात फोमच्या किंवा रेक्झिनच्या पिशवीत ठेवाल तर दसर्‍याला गंज काढत बसाल, कारण फोम ओल धरून ठेवतो. कपाटात, कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावी. हात लागला की तेलाच्या फडक्याने लोखंड पुसावं, घामाचे ठसे दोन दिवसांत तांबूस होतात. लाकडाला जवसाचं उकळलेलं तेल, एकेक पातळ हात. ते फडकं गोळा करून कोपर्‍यात टाकू नका, मोकळं वाळत घाला, जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. नळी फार घासायची गरज नसते.

छर्रा हातात घेऊन बघितलाय कधी? मध्ये बारीक, दोन्हीकडे रुंद, लहानसा डमरूच. मागची बाजू पोकळ असते. हवेच्या दाबाने ती कड फुलते आणि नळीतल्या पीळदार खाचांत घट्ट बसते, त्यामुळे हवा निसटत नाही आणि छर्रा गिरक्या घेत जातो. बाहेर पडल्यावर तीच रुंद मागची बाजू बॅडमिंटनच्या फुलासारखी तोंड पुढे ठेवते. म्हणून चेपलेला छर्रा फेकून द्यावा. आणि तो शिशाचा असतो. तोंडात छर्रे धरून एकेक घालणारी मुलं मी पाहिली आहेत, ते ताबडतोब बंद करा. झाल्यावर हात साबणाने धुवा.

आता कायदा. शस्त्र कायदा 1959 चा, आणि सध्याचे नियम 2016 चे. त्यात दोन आकडे आहेत: 4.5 मिलिमीटर, म्हणजे .177 इंच, आणि 20 जूल. नळी याहून रुंद असेल किंवा छर्‍याची ताकद याहून जास्त असेल तर परवाना लागतो. ताकद काढायला शाळेचंच गणित आहे. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 250 मीटर वेगाने गेला तर साडेपंधरा जूलच्या आसपास होतात. तोच 283 वर गेला की 20 झाले. दुकानात ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतील, तो द्यावा आणि पावती जपावी. गोची होते ती वारशात आलेल्या बंदुकांची. निफाडच्या माझ्या एका मित्राच्या माळ्यावर वडिलांची रायफल सापडली. गोधडीत गुंडाळलेली, वरून चांगली. नळीवर बोट फिरवलं तर .22 कोरलेलं, म्हणजे 5.5 मिलिमीटर. आम्ही ती तशीच ठेवली, एकही छर्रा मारला नाही, आणि आधी परवान्याची चौकशी करायला त्याला पाठवलं. शहरात पोलिस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय. संग्रह करायचा असेल तर नळीवरचा आकडा आधी वाचा, प्रेमात नंतर पडा.

पक्ष्यांबद्दल मला राग येतो, तो लपवत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालापासून आहे. तरी द्राक्षबागेतले पक्षी हाकलायला म्हणून छर्‍याची बंदूक घेणारे भेटतात. नांदूरमध्यमेश्वर, महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) ठरलेली जागा, आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथून उडालेला पक्षी बागेवर येणारच. बागेवर जाळी टाका. अरुणाचल प्रदेशात 2021 साली गावकर्‍यांनी स्वतःहून एअरगन सरकारकडे जमा करण्याची मोहीम सुरू झाली, शिकार थांबावी म्हणून. आपण कागदावर नेम धरणारे लोक आहोत, तर कागदावरच धरावा. कागदामागे चिंध्या आणि जुनी वर्तमानपत्रं ठासलेलं जाड खोकं, त्यामागे भिंत. दगड, पत्रा किंवा झाडाचं कठीण खोड नको, छर्रा उलटा येतो. मोकळ्या आकाशात तर कधीच नको, तो शेकडो मीटर जाऊन कुठे पडेल सांगता येत नाही. जवळ उभ्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा, आणि लहान मुलांच्या हातात मोठ्यांशिवाय बंदूक नाही.

संग्रहाची गोडी मला उशिरा लागली, आणि ती किमतीमुळे नाही. त्या 10 मिलिसेकंदांशी प्रत्येक कारखाना आपल्या परीने झगडला, ते बघण्यात मजा आहे. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने 1905 पासून एअर रायफली बनवल्या. 1948 च्या त्यांच्या एअरस्पोर्टरमध्ये बॅरल मोडायचंच नाही. नळाच्या तोटीसारखी फिरणारी एक खुंटी, तिच्या भोकात छर्रा टाकायचा आणि तोटी बंद. नळी पक्की राहिल्याने नेम सुधारला, पण जुनी तोटी झिजली की नळासारखीच गळते. घेताना तीच बघा. जर्मनीतल्या फाइनवेर्कबाउने स्पर्धेच्या रायफलीत सगळं यंत्रच दस्त्यात रुळांवर बसवलं. चाप ओढला की ते मागे सरकतं, दस्ता हलत नाही. तोफेचीच युक्ती, खांद्यावर मावेल एवढी. डायनाने गिस पद्धतीत दोन दट्टे घातले, एक पुढे धावतो तेव्हा दुसरा मागे, दोघांचे धक्के एकमेकांत जिरतात. सुंदर कल्पना. पण दोघांची वेळ जुळवायला घड्याळजीचा हात लागतो, नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

डायनाचा आणखी एक गमतीचा धागा आहे. कंपनी जर्मनीत राश्टाटला 1890 साली सुरू झाली. दुसर्‍या महायुद्धानंतर भरपाई म्हणून तिची यंत्रं आणि नावसुद्धा ब्रिटनला गेलं, आणि स्कॉटलंडमध्ये मिलब्रोने 'डायना' नावाने बंदुका काढल्या. जर्मनीतला मूळ कारखाना पुन्हा उभा राहिला तेव्हा ब्रिटनमध्ये त्याला स्वतःचंच नाव वापरता येईना, म्हणून तिकडच्या बंदुकांवर 'ओरिजिनल' असं कोरलं जाऊ लागलं. हे नाव त्यांना 1984 मध्ये परत मिळालं. तेव्हा जुन्या बाजारात डायना दिसली तर 'मेड इन ग्रेट ब्रिटन' लिहिलंय की 'मेड इन जर्मनी', ते वाचा. जर्मन असेल तर नळकांड्याच्या डाव्या बाजूला, दस्त्याच्या कडेशी, बारीक आकड्यांत महिना आणि साल ठोकलेलं सापडेल. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी 1926 साली काढलेल्या इंडियन ह्यूम पाईप कंपनीच्या 'आयएचपी' रायफली होत्या. सिमेंटच्या पाइपांसाठी ओळखली जाणारी कंपनी छर्‍याच्या बंदुकाही करायची हे ऐकून आजही लोक चकित होतात. मला त्या साध्या, जड बंदुका मनापासून आवडतात. मिळाली आणि नळी सरळ असली तर सोडू नका. जुना रंग खरवडून चकचकीत करू नका, जीर्ण वायसर आणि तुटकी स्प्रिंगही चिठ्ठी लावून डबीत ठेवा.

माझ्या प्रत्येक बंदुकीच्या चापाच्या कड्याला दोर्‍याने एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं आहे. वायसर चामडी की प्लास्टिकचा, शेवटचा थेंब कोणत्या तारखेला, स्प्रिंग कधी बदलली, टिश्यूची पट्टी हलली की नाही. सगळ्यात जुन्या कार्डावर जागा संपली, म्हणून मागच्या पावसाळ्यात त्याला दुसरं जोडलं.